आधी खिडकी, मग कपाट

कोविडच्या टाळेबंदीनंतर 15 ऑक्टोबर 2020 पासून महाराष्ट्रात ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली. 'मिशन बिगीन अगेन'च्या त्याच आदेशात मेट्रोही सुटली होती. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपण 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करतो, तो नेमका हाच. मुहूर्त कोणी मुद्दाम काढला असेल असं वाटत नाही, पण लागला चांगला. हायस्कुलांच्या ग्रंथालयांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही, कारण शाळाच बंद होत्या. 23 नोव्हेंबरला काही जिल्ह्यांत नववी ते बारावी भरली, 27 जानेवारी 2021 ला पाचवी ते आठवी, मग दुसरी लाट आणि पुन्हा सगळं बंद. 4 ऑक्टोबर 2021 ला परत घंटा झाली, जानेवारीत ओमायक्रॉनने ती थांबवली, 24 जानेवारी 2022 ला पुन्हा सुरुवात. या उघडझापीत वर्ग उघडले, प्रयोगशाळा उघडल्या, मैदानावर शिट्टी वाजायला लागली. ग्रंथालयाचं कुलूप सगळ्यांत शेवटी निघालं. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले, मास्कही ऐच्छिक झाला. तरी 'पुढील आदेशापर्यंत पुस्तकांची देवघेव बंद' हा कागद काही शाळांच्या कपाटांवर पुढे कित्येक महिने चिकटलेला मी पाहिला आहे. तो पुढील आदेश कोणी काढायचा होता, हे तिथे कोणालाच सांगता आलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. श्वासातून पसरणाऱ्या साथीनंतर शाळेचं ग्रंथालय सुरक्षितपणे उघडायचं, तर बघायला हवी ती त्या खोलीतली हवा. आपण दोन वर्षं पुस्तकांकडे संशयाने बघत बसलो आणि खिडक्यांकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. पुस्तकांवरचा हा संशय काही कोविडने जन्माला घातलेला नव्हता, कोविडने त्याला सबळ कारण पुरवलं इतकंच. म्हणून पुढच्या वेळची तयारी करायची तर दोन्ही गोष्टी एकत्रच बोलाव्या लागतील.

2020 च्या उन्हाळ्यात पुस्तकांना भ्यायला हरकत नव्हती. विषाणू वस्तूंवर किती टिकतो हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. लोक भाजी धुऊन घेत होते, दुधाच्या पिशव्या पुसत होते. अमेरिकेत ग्रंथालयांसाठी 'रेल्म' नावाचा प्रकल्प निघाला. ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था आणि बॅटेलची प्रयोगशाळा यांनी पुस्तकाचं कव्हर, आतली पानं, प्लॅस्टिकचं वेष्टन, डीव्हीडीची डबी यांवर प्रत्यक्ष विषाणू सोडून तो किती दिवस सापडतो ते मोजलं. सुटी ठेवलेली पुस्तकं तीन दिवसांनी स्वच्छ निघाली. तीच एकावर एक रचून ठेवली तेव्हा काहींवर सहाव्या दिवशीही विषाणू मिळाला. त्यामुळे परत आलेलं पुस्तक तीन दिवस, काही ठिकाणी आठवडाभर, बाजूला ठेवायची पद्धत पडली. उपाय बिनखर्ची होता आणि पुस्तकाला इजा करणारा नव्हता. आपल्याकडे मात्र 'सॅनिटाइझ करून देणार' असं म्हणत पुस्तकांवर हायपोक्लोराइट फवारण्यापर्यंत काहींची मजल गेली. त्याने शाई उडते, कागद ठिसूळ होतो आणि बांधणीची खळ सुटते. अतिनील किरणांच्या पेट्यांचीही जाहिरात जोरात होती. त्या पेटीतला प्रकाश मिटलेल्या पानांच्या आत शिरतच नाही, हे विकणारा सांगत नसे.

पण प्रयोगशाळेत वस्तूवर विषाणू सापडणं आणि त्या वस्तूमुळे माणूस आजारी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी. वस्तूंची भीती फुगवली जाते आहे, असं रटगर्स विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी जुलै 2020 मध्येच 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात लिहिलं होतं. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने आकडाच दिला: दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून बाधा होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी. त्याच महिन्याच्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने हवेतून, बंद आणि कोंदट जागेत, लांब अंतरावरही संसर्ग होतो हे आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलं. तेही उशिराच. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात 10 मार्च 2020 ला एका गायनवृंदाच्या तालमीला 61 जण जमले होते आणि त्यांतले 50 हून अधिक आजारी पडले. एवढ्या जणांनी एकाच दाराच्या कडीला हात लावला म्हणून हे झालं नाही. ते बंद जागेत शेजारी शेजारी बसून गात होते आणि तालीम अडीच तास चालली.

थोडक्यात, एप्रिल 2021 नंतर पुस्तक अडवून ठेवायला शास्त्राचा आधार राहिला नव्हता. तरी ते अडलं. आणि ज्या वर्गात मुलं तासन्‌तास एकत्र बसत होती तो वर्ग चालू, आणि ज्या खोलीत मूल दहा मिनिटं येऊन पुस्तक घेऊन जातं ती खोली बंद, यातली विसंगती ना शिक्षण विभागाला खटकली, ना संस्थाचालकांना, ना आम्हा पालकांना.

मुख्याध्यापकांची बाजू मला कळते. 'उद्या काही झालं तर जबाबदार कोण?' हा प्रश्न त्यांच्या डोक्यावर टांगलेला असतो. शाळा उघडताना प्रत्येक मुलाचं संमतीपत्र, थर्मल गन, ऑक्सिमीटर, एका बाकावर एक विद्यार्थी, असं सगळं निभावताना त्यांची दमछाक झाली. ग्रंथालय बंद ठेवलं म्हणून आजवर कोणा मुख्याध्यापकाला नोटीस आलेली नाही. उघडलं आणि काही घडलं तर येईल. अशा वेळी शहाणा माणूस कुलूपच निवडतो. दोष एकट्या त्यांचा नाही.

पण हेही आठवावं की त्याच काळात शाळेने मुलांच्या घरी वस्तू पोचवल्या होत्या. पोषण आहाराचे तांदूळ आणि कडधान्य पालकांना बोलावून, वेळा ठरवून, खडूने आखलेल्या चौकोनांत उभं करून वाटलं गेलं. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही अशीच गेली. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही घोषणा होती आणि कोकणात मुलं त्या शिक्षणासाठी रेंज शोधत डोंगर चढत होती. तांदळाच्या पिशवीबरोबर दोन गोष्टीची पुस्तकं द्यावीत हे फार थोड्यांना सुचलं. ज्यांनी दिली त्यांचं कौतुक. ज्यांनी दिली नाहीत त्यांच्याकडे कपाट होतं, पुस्तकं होती, पालक दाराशी उभे होते. कमी होती ती पुस्तक हातातून सोडण्याच्या सवयीची.

ही सवय का नाही, ते ग्रंथालयाचा चार्ज ज्यांच्याकडे असतो त्यांना विचारा. बऱ्याच हायस्कुलांत पटसंख्येच्या निकषामुळे पूर्णवेळ ग्रंथपाल मिळत नाही. अर्धवेळ ग्रंथपाल असतो, त्याला पगार अर्धा आणि कामं दीडपट. तोही नसेल तिथे भाषेच्या किंवा चित्रकलेच्या शिक्षकाकडे किल्ली. दाखल नोंदवहीतला आकडा आणि कपाटातली पुस्तकं यांचा मेळ बसला पाहिजे, नाही तर बदलीच्या किंवा निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना हिशेब त्याच्या अंगावर येतो. पुस्तक हरवलं तर भरून द्या, ही टांगती तलवार असलेला माणूस पुस्तक वाटेल कशाला? बंद कपाटातली पुस्तकं हरवत नाहीत.

मार्च 2020 मध्ये तर मोठीच गंमत झाली. वार्षिक परीक्षेच्या आधी पुस्तकं जमा करून घ्यायची, ही शाळांची रीत. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या, पुढे नववी-अकरावीच्याही झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच केला. जमा करायची वेळ आलीच नाही. जी पुस्तकं मुलांकडे होती ती मुलांकडे राहिली. चार्जवाल्या सरांची झोप उडाली असेल, पण माझ्या मते शाळेच्या सगळ्या संग्रहात तेवढ्याच पुस्तकांचं त्या दोन वर्षांत सोनं झालं. कोणीतरी ती वाचली, भावाबहिणींनी वाचली, शेजारच्यांनी नेली. कुलपात सुरक्षित राहिलेल्यांचं काय झालं ते आता सांगतो.

आमच्या तालुक्यातल्या एका हायस्कुलाचं ग्रंथालय उघडायला मी मदतीला गेलो होतो. जिना चढून गेल्यावर शेवटची खोली. 2020 च्या मे महिन्यात चाकरमानी गावी परतले तेव्हा कोकणातल्या शाळा विलगीकरण केंद्रं झाल्या होत्या. इथे खालचे वर्ग त्यांना दिले आणि त्या वर्गांतलं सामान वर ग्रंथालयात कोंबलं. बाकं, नकाशे, स्नेहसंमेलनाचा पडदा, फुटका ढोल. ते तसंच राहिलं. तीन पावसाळे ती खोली मिटलेली होती, आणि कोकणातला पावसाळा मिटलेल्या खोलीत काय करतो हे सांगायला नको. दार ढकललं तेव्हा बुरशीचा आणि डांबरगोळ्यांचा एकत्र वास असा आला की आम्ही सगळे परत जिन्यात आलो. तीन खिडक्यांपैकी दोन खिडक्यांना स्टीलची कपाटं पाठ लावून उभी. कपाट ओढलं तर मागे कुंभारमाशीची घरं आणि गजांपर्यंत रंगाने चिकटलेली तावदानं. ही खिडकी कोविडच्या पुष्कळ आधीपासून उघडलेली नव्हती. खालच्या खणात विश्वकोशाचे खंड ओळीने नीट. त्यातला एक उचलला तर हाताला वजनच लागलं नाही. पुठ्ठा शाबूत, कण्यावरची सोनेरी अक्षरं शाबूत, आत वाळवीची माती.

साथीनंतर ग्रंथालय उघडताना मुलांना खरा धोका कशाचा होता, हे त्या खोलीत कोणालाही दिसलं असतं. बुरशी दम्याच्या मुलाला त्रास देते. उंदरांचा वावर झालेली खोली, ओल, आणि लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) ज्याला नवीन नाही असा आमचा जिल्हा. डांबरगोळ्यांची वाफ कोंडलेली हवा. यातल्या एकाचाही उल्लेख शाळेला आलेल्या सूचनांत नव्हता. हात धुण्याचं पोस्टर मात्र दाराला होतं.

काय करायला हवं होतं ते काही फार अवघड नाही. मुलांना आत घेण्याआधी मोठ्या माणसांनी मास्क आणि हातमोजे घालून खोली दोन दिवस सताड उघडी ठेवायची. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, जंतुनाशकाने ओल्या करून उचलायच्या. बुरशी लागलेली पुस्तकं वेगळी काढून व्हरांड्यात सावलीला, वाऱ्यावर उभी ठेवायची आणि पुरती सुकल्यावर मऊ कुंचल्याने खोलीबाहेरच झटकायची. कडक उन्हात तासन्‌तास घातली तर कागद पिवळा पडून वाकतो. वाळवीने पोखरलेली पुस्तकं निर्दयपणे बाद करायची. डांबरगोळ्यांऐवजी वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला, आजी कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायची तसा.

आणि मग हवा. कपाटं खिडक्यांसमोरून हलवायची. भिंत कमी पडत असेल तर खोलीच्या मध्ये आडवी लावायची. दोन समोरासमोरच्या भिंतींना उघडं काही असेल तर वारा आरपार जातो, एकाच बाजूला खिडक्या असतील तर दार उघडं ठेवून दाराकडे तोंड करून पंखा लावायचा म्हणजे आतली हवा बाहेर फेकली जाते. उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं. राहिलेलं निम्मं कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर देतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत साधारण 420 भाग असतं. माणसं कोंडली की ते चढतं, कारण श्वास सोडला की तोच वायू बाहेर पडतो. खोलीत आकडा 800 च्या आत राहिला तर हवा ठीक खेळते आहे असं समजायचं, हजार-दीड हजारावर गेला तर एकमेकांनी सोडलेली हवाच आपण पुन्हा घेतो आहोत. असा मीटर काही हजार रुपयांत येतो. प्रत्येक शाळेने घ्यायचीही गरज नाही, तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दोन ठेवले आणि शाळांनी आळीपाळीने आठवडाभर नेले तरी कोणती खोली किती मुलांना पुरते हे एकदाचं कळेल. सीडीसीने मे 2023 मध्ये खोलीतली हवा तासाला निदान पाच वेळा बदलावी असं म्हटलं. आपल्या जुन्या कौलारू, उंच छताच्या, दोन्हीकडे खिडक्या असलेल्या शाळांमध्ये हे बिनखर्चात व्हायचं. स्लॅब आणि सरकत्या काचांनी ती सोय घालवली, आणि आपण त्याला सुधारणा म्हणालो.

खोली मुळातच कोंदट असेल तर टेबल व्हरांड्यात काढा. देवघेवीला खोली लागत नाही. मधल्या सुट्टीत एका इयत्तेने यायचं, वही पुढे करायची, पुस्तक घ्यायचं. नाहीतर पत्र्याच्या ट्रंकेत तीस-चाळीस पुस्तकं भरून ती वर्गात ठेवा, महिन्याने दुसऱ्या वर्गाच्या ट्रंकेशी बदला. वर्गातल्याच दोन मुलांना नोंदीचं काम द्या. मोठी माणसं ठेवतात त्याहून ती वही नीट ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

पैशाचं रडगाणं आहेच, पण ते पूर्ण खरं नाही. 'समग्र शिक्षा' या केंद्राच्या योजनेखाली सरकारी शाळांच्या ग्रंथालयांसाठी वर्षाला 5 हजारांपासून 20 हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद 2018 पासून आहे. आपली बहुतेक हायस्कुलं खासगी अनुदानित, त्यामुळे हे पैसे त्यांना मिळत नाहीत, आणि राज्याने त्यांच्यासाठी असंच काही करावं ही मागणी रास्त आहे. पण खिडकी उघडायला अनुदान लागत नाही.

अनुदानापेक्षाही महत्त्वाचा मला दुसराच कागद वाटतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, नियम 215 मध्ये, ग्रंथालयांबद्दल एक शहाणपणाची तरतूद आहे: वर्षभरात दिल्या-घेतलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी समजावं, हयगय किंवा लबाडी नसेल तर. म्हणजे पुस्तक वापरलं की थोडं हरवणारच, हे खुद्द वित्त मंत्रालयाने मान्य केलं आहे. राज्याने हाच नियम प्रत्येक माध्यमिक शाळेला परिपत्रक काढून कळवावा, आणि साथ, पूर, वादळ यांत गेलेल्या पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून ती कमी करणं, मुख्याध्यापकांच्या पातळीवर करू द्यावं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत शाळांची छपरं उडाली, पुस्तकं भिजून लगदा झाली. तो लगदा 'हिशेबात आहे' म्हणून फेकता येत नाही अशी वेळ चार्जवाल्या शिक्षकावर येऊ नये. या एका परिपत्रकाने जेवढी कपाटं उघडतील तेवढी कुठल्याही वाचन सप्ताहाने उघडणार नाहीत.

उघडल्यावर आत काय असावं, याबद्दलही दोन शब्द. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2022 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या शंभरांपैकी 43 मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता येत होता. 2018 मध्ये हेच प्रमाण 50.5 टक्के होतं. ती मुलं आता हायस्कुलात आहेत. त्यांच्यापुढे चरित्रांचे जाडजूड खंड आणि 1980 सालचे निबंधसंग्रह ठेवून 'घ्या, वाचा' म्हणणं हा देखावा झाला. त्यांना पातळ, चित्रांची, मोठ्या टायपातली पुस्तकं हवीत, आणि ती आठवीच्या मुलाने घेतली म्हणून कोणी हसणार नाही अशी मांडणी हवी. मासिकं हवीत. क्रिकेट, साप, मोटारसायकल यांवरची पुस्तकं हवीत. काही शिक्षकांना हे पटत नाही, त्यांना अभिजात साहित्यच हवं असतं. त्यांनी आधी मुलांबरोबर एक मधली सुट्टी घालवावी.

राहिला पुढच्या साथीचा प्रश्न. ती येईल तेव्हा शाळा पुन्हा बंद होतील, त्याला इलाज नाही, आणि पहिल्या आठवड्यांत पुन्हा कोणालाच काही माहीत नसेल. तेव्हा पुस्तकं कपाटाऐवजी घरांत असायला हवीत. त्याची तालीम दर वर्षी करता येते. वार्षिक परीक्षेआधी पुस्तकं जमा करण्याऐवजी परीक्षा संपली की शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाला पाच पुस्तकं द्यायची, जूनमध्ये शाळा उघडली की परत घ्यायची. दहावीच्या मुलांना दाखला न्यायला यायचंच असतं, तेव्हा ती आणून देतील. नाही आणली तर त्यासाठी दाखला अडवायचा नाही. विलंब शुल्क नको. साठा पडताळणी जुलैत करायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रंथालयाच्या खोलीत रिकामी कपाटं राहिली तर त्यांच्या मागची भिंत धुऊन, खिडक्या घासून, खण पुसून घेता येतील, आणि मेच्या अखेरीस पावसाआधी कौलं शाकारायला माणसं येतात तेव्हा त्यांना ही खोलीही दाखवता येईल.